पाला, चीक, हळद... जखमेवर तुमच्याकडे काय लावायचे?

कुंपणकाठी
सोसायटीच्या माळ्याने उपटलेल्या तणात आज दगडी पाला दिसला. लांब दांडा, पिवळ्या मध्याचं पांढरट फूल. शाळेत गुडघा फुटला की हाच पाला तळहातावर चोळून रस पिळायचा. झोंबायचं भयंकर, पण रक्त थांबायचं. तुमच्याकडे काय? लिहा.

बांधावरची
आम्ही त्याला एकदांडी म्हणतो! ज्वारी काढताना विळा लागला की आई चावून लावायची. आता आठवलं की ईईई

आबोली
मोगली एरंडाचा चीक. कुंपणालाच असायचा, पान खुडलं की थेंब. उरलेल्या चिकाचे गवताच्या काडीतून फुगे. फ्रॉकला डाग पडला की मार वेगळा, तो डाग मरेपर्यंत जात नाही.

बांधावरची
फुगे!!! आम्ही पण

निवांत
हळदीचं पेटंट आठवतंय का कुणाला? जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. शास्त्रज्ञ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे आपल्या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेचे प्रमुख. आपल्याकडचे जुने छापील दाखले पुढे ठेवले, १९९७ ला रद्द.

आबोली
आमच्या आजीची फी बुडली :ड

कुंपणकाठी
आणि एकदांडी मूळची तिकडचीच, मध्य-दक्षिण अमेरिकेतली. फिटंफाट.

रात्रपाळी
नर्स आहे, म्हणून मध्ये तोंड घालते. खरचटलं तर लावा काय ते, आधी साबणपाण्याने धुवा. खोल जखम, गंजका खिळा, मधुमेह्याचा पाय यांना पाला नको. पाल्याबरोबर माती जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हळद थापून आलेली जखम धुवेपर्यंत खाली काय आहे ते दिसत नाही हो! पेशंट वर म्हणतो, घरचीच आहे, शुद्ध.

बांधावरची
ताई, दंडवत. कोरफड चालेल ना? भाजल्यावर?

रात्रपाळी
आधी नळाखाली धरा, वीस मिनिटं. किरकोळ असेल तर नंतर गर. पिवळा चीक निथळू द्या, नाहीतर खाज सुटते. फोड आला तर दाखवा.

डोंबिवली फास्ट
भेगा चालतील का धाग्यात? मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल. गोळा गरम करून टाचेत भरायचा, वर मोजे. थंडीत दुसरं काही लागत नाही

निवांत
पुण्यात मिळतं का?

डोंबिवली फास्ट
कोकणी सामानाच्या दुकानात विचारा. अंड्याएवढा पिवळट गोळा. आमसुलंही घ्या तिथूनच.

आबोली
आमसुलं घ्याल तर काळी बघून घ्या. सोलकढीत लसूण घालता का तुम्ही लोक?

बांधावरची
घालतो. भांडू नका