शब्दचर्चा : पट्टेकरी, विटेकरी, शिलेदार… गेममधल्या लढवय्यांना नावं कोणती द्यायची?

राजारामपुरीतून (कोल्हापूर) प्रश्न

मध्ययुगीन हातघाईच्या एका गेमसाठी मराठी फौजेतले नवे लढवय्ये मांडायचे आहेत. बाहेरच्या गेममध्ये नाइट, सामुराई, व्हायकिंग असतात, तसे आपले. कागदावर सध्या खड्गवीर, भालावीर, धनुर्वीर, अश्ववीर आणि मल्लवीर अशी पाच नावं आहेत. ती कुणाच्याच तोंडात बसत नाहीत. शिवाय लढवय्यांच्या प्रकाराला, म्हणजे ‘क्लास’ला, काय म्हणायचं? ‘वर्ग’ म्हटलं की शाळा डोळ्यांपुढे येते, आणि ‘जात’ तर नकोच.

शिवाजी पेठेतून

‘वीर’ आधी पाचही ठिकाणचा काढून टाका. वीर ही लढून मिळालेली पदवी आहे, हातातल्या हत्याराचा धंदा नव्हे. मराठीत लढणाऱ्याचं नाव त्याच्या हत्यारावरून पडतं आणि शब्दाचं शेपूट बघितलं की तो काय करतो ते कळतं.

‘-करी’ म्हणजे ते हत्यार चालवणारा : पट्टेकरी, भालेकरी, विटेकरी, धारकरी. ‘-आईत’ म्हणजे त्यात तयार झालेला : पटाईत, भालाईत. ‘-अंदाज’ फारसीतून आलेला, अर्थ फेकणारा : तिरंदाज, गोलंदाज, बर्कंदाज. बर्क म्हणजे वीज, तेव्हा बर्कंदाज हा वीज फेकणारा, म्हणजे बंदूकवाला. ‘-दार’ म्हणजे बाळगणारा.

हे शेपूट गेममध्ये नियम म्हणून वापरता येतं. ‘-अंदाज’ असेल तो लांबून मारणार, जवळ आलात की कच्चा. ‘-करी’ हातघाईचा. ‘-आईत’ ही वेगळी जात न करता वरची पायरी करा : पट्टेकरी ठरावीक लढती जिंकला की पटाईत, भालेकरी जिंकला की भालाईत. खेळणाऱ्याला समजावून सांगायचीही गरज पडणार नाही, कारण ‘पटाईत’ आपण आजही मुरलेल्या माणसालाच म्हणतो.

‘क्लास’साठी शब्दच नको. पडद्यावर ‘लढवय्या निवडा’ एवढं पुरतं.

गंगावेशीतून

दादा, पटाईत हा कुस्तीतल्या ‘पट’वरून आला नाही का? एकेरी पट, दुहेरी पट काढणारा तो पटाईत?

शिवाजी पेठेतून

नाही भावा, तो पट वेगळा. कुस्तीतला पट म्हणजे समोरच्याच्या पायात शिरून पाय काढणं. पटाईत हा पट्टा, म्हणजे दांडपट्टा, चालवणारा. पुढे पट्टा मागे पडला आणि शब्द कसबासाठी उरला. ‘पवित्रा’चंही तेच झालं. मूळ अर्थ लढताना पाय आणि अंग कसं ठेवायचं ती ठेवण. आता सभेतला पुढारीसुद्धा आक्रमक पवित्रा घेतो. गेममध्ये ‘स्टान्स’साठी पवित्राच वापरा, शब्द आपल्या घरी परत येईल.

आता पट्टेकऱ्याबद्दल नीट सांगतो, कारण चित्रात सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

पट्ट्याला तलवारीसारखी मूठ नसते. हात लोखंडी खोबळ्यात जातो, आत आडवा दांडा धरायचा असतो आणि खोबळा कोपराच्या खालपर्यंत हात झाकतो. म्हणजे मनगट बंद. पातं साधारण तीन ते चार फूट, दुधारी आणि लवचिक. मनगट वळत नाही म्हटल्यावर वार खांद्यातून, कमरेतून आणि पायांतून येतो. म्हणून मर्दानी खेळात, म्हणजे हत्यारं चालवण्याच्या आपल्या जुन्या खेळात, पट्टा फिरवणारा एका जागी उभा राहत नाही. गुडघे वाकलेले, पाय सतत फिरते, अंगाभोवती पात्याची चक्रं. चित्रकारानं तलवारीची हालचाल उचलून पट्ट्याला लावली की मनगट खोबळ्याच्या आत मोडल्यासारखं दिसतं आणि जाणत्या माणसाचा विश्वास तिथंच उडतो.

यातूनच त्याचे गुणदोष ठरवा. चौघांनी घेरलं तर पट्टेकरी भारी, कारण चक्र चारी बाजूंना फिरतं. हातातलं हत्यार उडवणं जवळजवळ अशक्य, कारण हातच आत आहे. पण त्याच कारणानं तो हत्यार पटकन बदलू शकत नाही आणि त्या हातानं समोरच्याला धरू शकत नाही. पातं लवचिक, म्हणून जड वार पात्यावर झेलायला गेला तर पातं वाकून वार आत येतो. त्याला ‘झेलणे’ देऊच नका, ‘चुकवणे’ द्या.

आणखी एक. पन्हाळ्याचा तीन दरवाजा लढतीची जागा म्हणून घेतलात, तर दोन दरवाजांच्या मधल्या चौकात पट्टेकरी राजा आणि दरवाजाच्या बोळात लंगडा, कारण चक्र भिंतीला लागतं. पातं दगडावर आपटलं की त्याचा दम कमी करा.

शाहूपुरीतून

‘दम’ हा शब्द छान पकडलात. ‘स्टॅमिना’ची पट्टी म्हणजे दम, ‘हेल्थ’ची पट्टी म्हणजे जीव. दम संपला की ‘दमछाक’. आखाड्यातलीच भाषा आहे.

बचावाचे शब्दही आपल्याकडे वेगवेगळे आहेत, ते एकाच ‘ब्लॉक’मध्ये कोंबू नका. ढालीवर घेणं ते झेलणे. अंग काढून घेणं ते चुकवणे. वाराला वार देऊन उलटवणं ते परतवणे. खोटा वार दाखवणं ती हूल. आणि एखाद्या डावाला नेमका उतारा असतो ती तोड. ‘तोडीस तोड’ म्हणतो ती हीच.

हुलीचं गणित बहुतेक ठिकाणी चुकतं, म्हणून आकड्यात सांगतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, धरा. जड वार ४८ फ्रेमचा, म्हणजे ८०० मिलिसेकंद. डोळ्यानं बघून बोट हलवायला माणसाला साधारण २५० मिलिसेकंद, म्हणजे १५ फ्रेम लागतात. हूल म्हणून सुरू केलेला वार मागे घ्यायची मुदत पहिल्या २४ फ्रेमपर्यंतच ठेवा. पुढच्या २४ फ्रेममध्ये वार खरा आहे हे दिसायला १५ आणि बटण दाबायला ९ उरतात. मुदत ४० व्या फ्रेमपर्यंत वाढवली तर समोरच्याकडे ८ च फ्रेम राहतात. मग बघून खेळणं संपतं आणि नुसता अंदाज लावणं उरतं. (इथला अंदाज मात्र आपला रोजचा, फेकण्याचा नव्हे.)

वारांची नावंही लाठीतून घ्या : शिर डोक्यावर, तमाचा गालाच्या बाजूला, कमर कमरेवर. वार कुठं बसणार ते नावातच आहे.

गंगावेशीतून

विटेकऱ्याचं कसं करायचं? विटा फेकला की हातात परत येतो असं दाखवलं तर चालेल?

शिवाजी पेठेतून

चालणार नाही, त्यानं विट्याचा जीवच जातो. विटा म्हणजे बुडाला दोरी असलेला भाला, दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा, मग दोरीनं ओढून घ्यायचा. तो आपोआप उडत येत नाही, जमिनीवरून फरफटत येतो. म्हणून ‘फेक’ आणि ‘ओढ’ ही दोन वेगळी बटणं हवीत.

दोरी पाच हात धरा. हात म्हणजे दीड फूट, तेव्हा साडेसात फूट. विटा पाच फुटांचा धरला तर मनगटापासून टोक साडेबारा फुटांवर पोचतं. त्यापुढे वार नाही, कितीही नेम धरा. ओढायला ४० फ्रेम द्या. तेवढा वेळ त्याच्याकडे फक्त डाव्या हातातली ढाल. बिघाडही ठेवा, त्यानंच खेळ रंगतो : विटा समोरच्याच्या ढालीत रुतला तर दोरी दोघांकडून ताणली जाते, आणि ज्याचा दम जास्त तो दुसऱ्याला ओढतो. समोरच्यानं दोरीवर तलवार घातली तर त्या लढतीपुरता विटा गेला. जुन्या लिखाणात ‘इटेकरी’ दिसेल, तो हाच.

शाहूपुरीतून

घोडेस्वाराला ‘अश्ववीर’च्या जागी दोन नावं आहेत आणि त्यांच्यातला फरक गेमला फार उपयोगी आहे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. शिलेदाराला लढतीचे पैसे जास्त द्या, पण घोडा मेला तर नुकसान त्याचं, पुढच्या लढतीला तो पायी. बारगिराला पैसे कमी, पण पागेतून दुसरा घोडा. नुसत्या शब्दातून दोन वेगळे खेळ तयार होतात.

‘भालदार’ मात्र टाळा. शेपूट फसवं आहे. भालदार-चोपदार हे दरबारात पुकारा करणारे. आणि ‘हेटकरी’ बघून हेट नावाचं हत्यार शोधू नका. हेट म्हणजे खालचा मुलूख, दक्षिण कोकण. तिथले हेटकरी नेमबाजीला नावाजलेले. ‘मावळा’सुद्धा मुलखावरून, हत्यारावरून नाही. तो कुठलंही हत्यार घेऊ शकतो, म्हणून मावळा हा सुरुवातीचा लढवय्या ठेवा आणि पुढं हत्यार निवडू द्या.

राजारामपुरीतून

मल्लवीराचा पैलवान केला. त्याची लढत खासबाग मैदानात ठेवायचा विचार आहे.

गंगावेशीतून

खासबाग शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं. मध्ययुगात ते कुठून येणार? पन्हाळ्यावर एखाद्या तालमीची तांबडी माती दाखवा. आणि पैलवानाला ‘भारंदाज’ डाव जरूर द्या. तिथं ‘-अंदाज’ आहे आणि खरोखरच फेकणं आहे, फक्त हत्याराऐवजी माणूस. पट्टेकरी त्याच्यासमोर सगळ्यात अडचणीत येईल. पैलवान चक्राच्या आत शिरला की खोबळ्यातला हात त्याला धरू शकत नाही.

शिवाजी पेठेतून

बरोबर. फक्त आत शिरायची वाट सोपी करू नका. चक्र पूर्ण झाल्यावर पातं मागे जातं तेव्हाच्या ८ ते १० फ्रेम, तेवढ्यातच. सरावासाठी मर्दानी खेळातलं ‘लिंबू काढणे’ घाला : लिंबू हातावर ठेवलेलं, पात्यानं ते कापायचं आणि खालच्या हाताला ओरखडा नाही. अंतर चुकलं की दोन चुका वेगळ्या दाखवा. लिंबू तसंच राहिलं तर पाऊल कमी पडलं, हाताला लागलं तर खांदा उशिरा थांबला.