मदत हवी आहे : बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्सचा पाया कसा पक्का करावा?

नमस्कार मंडळी,

मी हिशेब विभागात काम करते. आमच्याकडे लवकरच ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर) येणार आहे आणि विभागाच्या वतीने सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. म्हणून हा विषय मुळापासून शिकायला घेतला. प्रोग्रामर व्हायचं नाही. समोरचा काय सांगतोय ते कळावं आणि गडबड दिसली तर नेमकं बोट ठेवता यावं, एवढी तयारी हवी आहे.

पाठ्यपुस्तकांत आधी माहिती प्रणालींच्या पातळ्यांचा पिरॅमिड येतो. तळाशी रोजचे व्यवहार नोंदवणारी टीपीएस, वर मॅनेजरांना ठरावीक रिपोर्ट देणारी एमआयएस, मग ‘असं केलं तर काय होईल’ हे पडताळणारी डीएसएस. व्याख्या समजल्या, पण ईआरपीत हे सगळं एकत्रच दिसतं. मग ही वर्गवारी आता कशासाठी शिकायची?

शेवटी एका ऑर्डरचा प्रवास कागदावर काढला. ऑर्डर, उधारीची मर्यादा, चलन, स्टॉकमधली घट, बिल, येणं, वसुली. यातून खूप उलगडलं, पण दोन ठिकाणी अडले आहे.

पहिलं, विक्री विभाग ऑर्डरच्या तारखेने विक्री धरतो, स्टोअर्स चलनाच्या आणि आम्ही बिलाच्या. महिनाअखेरीला तिघांचे आकडे वेगळे. एकच डेटाबेस आला की हे आपोआप जुळेल का?

दुसरं, संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत) मांडलं, तेव्हापासूनचा धडा असा की ग्राहकाचा पत्ता एकाच टेबलात ठेवायचा, बाकीकडे फक्त त्याचा क्रमांक. मग उद्या पत्ता बदलला तर जुन्या बिलावरही नवा पत्ता येणार नाही का? हे मला फार खटकतंय.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

ताई, ऑर्डरचा प्रवास काढलात ते उत्तम केलंत. तोच धागा धरून पुढे जा.

आकडे आपोआप जुळणार नाहीत. डेटाबेस तिन्ही तारखा नीट जपून ठेवेल, पण ‘विक्री’ कोणत्या तारखेला धरायची हे तुम्हा लोकांनाच बसून ठरवावं लागेल. ते ईआरपी येण्याआधी लेखी ठरवा, नाहीतर तोच वाद नव्या स्क्रीनवर सुरू राहील. शिवाय ‘माल गेला, बिल बाकी’ असा वेगळा रिपोर्ट मागून घ्या. फरकाचा मोठा भाग तिथेच सापडतो.

पत्त्याची शंका अगदी रास्त आहे. ग्राहकाचा आजचा पत्ता आणि बिल करताना असलेला पत्ता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्यामुळे बिलासोबत त्या वेळचा पत्ता, दर आणि कर साठवायचा. याने नॉर्मलायझेशनचा, म्हणजे एकच माहिती दोन ठिकाणी न ठेवण्याचा, नियम मोडत नाही.

पिरॅमिड सॉफ्टवेअरची खोकी म्हणून वाचू नका. कोणाला कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि त्यासाठी किती तपशील लागतो, हे तो सांगतो. स्टोअर्सला आज संपत आलेला माल दिसायला हवा, तर खरेदीप्रमुखांना वर्षभराचा कल. डेटा तोच, गरज निराळी.

आता प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख), फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा क्रमांक), मास्टर डेटा (ग्राहक, माल यांची कायमची माहिती) आणि व्यवहारांचा डेटा यांतला फरक, मग कोणाला काय करण्याची परवानगी, या क्रमाने शिका. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) मधलं साधं सिलेक्ट (हवी ती माहिती काढणं) आणि जॉइन (दोन टेबलं जोडणं) जमलं तरी पुष्कळ झालं.

आणि डेमोच्या वेळी त्यांना एक बिल रद्द करून दाखवायला सांगा. मूळ नोंद पुसली जाते, की उलट नोंद पडून दोन्ही दिसतात, आणि कोणी कधी रद्द केलं ते कळतं का, हे स्वतः बघा.