उत्तर: एकाच चित्रावर दोन नावं का?

वर विचारलंय की टर्नर आणि गर्टिन या इंग्रज चित्रकारांची जोडनावं असलेली इटलीची निसर्गचित्रं कशी, दोघं तर तेव्हा इटलीला गेलेच नव्हते. बरोबर, नव्हतेच गेले! ही करामत लंडनच्या डॉ. थॉमस मन्रोंची. ते वेड्यांच्या इस्पितळाचे डॉक्टर आणि चित्रांचे हौशी संग्राहक. चित्रकार जॉन रॉबर्ट कझन्स १७९४ च्या सुमारास भ्रमिष्ट झाला, तो त्यांच्याच उपचाराखाली होता. त्याची इटलीतली रेखाटनं ते या दोन पोरांकडून उतरवून घेत. दोघांचाही जन्म १७७५ चा, म्हणजे जेमतेम विशीतले.

त्या काळातला चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन याच्या रोजनिशीत १७९८ ची नोंद आहे: दोघांनी मन्रोंकडे तीन वर्षं, संध्याकाळी सहा ते दहा काम केलं. गर्टिन पेन्सिलीने बाह्यरेषा काढायचा, टर्नर त्यावर छायाप्रकाशाचे पातळ हात मारायचा. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग. गर्टिनने आपला आकडा सांगितला नाही (मला हेच भारी वाटतं). म्हणून अशा चित्रात निळ्या-करड्या रंगाखालची पेन्सिल नीट बघा, ती बहुधा गर्टिनची. मन्रोंचा संग्रह १८३३ मध्ये लिलावात निघाला, तेव्हा टर्नरने स्वतः त्यातली बरीच परत विकत घेतली.