उतारावर पुढचा ब्रेक मऊ पडतोय, मदत हवी आहे

मंडळी, गाडी १५० सीसीची, ४ वर्षं झाली. सीट-हँडल इतकं अंगवळणी पडलंय की दिवसाला ३०० किमी मारले तरी कंबर कुरकुरत नाही. भानगड पुढच्या डिस्क ब्रेकची आहे. लांब उतार लागला की लिव्हर मऊ पडत पडत थेट ग्रिपला टेकतो. दोन-तीनदा पंप केला की पुन्हा घट्ट. गाडी थंड झाली की जणू काही झालंच नव्हतं! पॅड नवे आहेत, गळती कुठेच नाही. ब्रेक ऑइल मात्र काळपट तपकिरी झालंय आणि मी ते एकदाही बदललेलं नाही (साधारण २ वर्षांनी बदलायचं असतं म्हणे, आत्ता कळतंय). ते ऑइल पाणी शोषून उकळतंय, की मास्टर सिलिंडरचे (लिव्हर दाबला की ऑइलवर दाब देणारा भाग) रबर गेलेत? डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) भरून ब्लीडिंग (नळीतली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढणं) केलं तर भागेल का? तोवर गाडी काढत नाहीये.