अनुभव धागा : सरकारी नोकरदारांचा आरोग्य विमा – हप्ता का चढतो, दावा कुठे अडतो

निवृत्तांच्या समूह मेडिक्लेमचा हप्ता दर नूतनीकरणाला चढतोय आणि नोकरीतल्यांची बिलं या टेबलावरून त्या टेबलावर फिरतायत. ज्यांच्या हाताखालून या फायली जातात त्यांनी लिहावं. रडगाणं नको, कामाचं लिहा.

विमा विभागातून
समूहाने 10 कोटी भरले आणि दावे 12 कोटींचे झाले, तर नुसती तोंडमिळवणी करायलाच 20 टक्के वाढ लागते. उपचारांची महागाई आणि टीपीएची (विमा कंपनीसाठी दावे तपासणारी मध्यस्थ संस्था) फी त्यावर. पण खरी गोम आहे ती सभासदत्व ऐच्छिक असण्यात. हप्ता वाढला की धडधाकट माणूस आधी बाहेर पडतो, डायलिसिसवाला राहतोच. पुढच्या वर्षी डोकी कमी, दावे जवळपास तेवढेच, की पुन्हा वाढ. निविदा नव्याने काढून फरक पडत नाही, कारण नवी कंपनीही मागचे दावे बघूनच दर देते. नोकरीतले आणि निवृत्त एकाच समूहात, सक्तीने घेतले तरच हप्ता आटोक्यात राहील. तरुण कर्मचारी कुरकुर करतील, करू द्या.

लेखा शाखा
भर घालतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (अख्ख्या कुटुंबाची एकच) पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला, समूह पॉलिसीवरचा तसाच राहिला. निवृत्त माणूस हप्ता स्वतःच्या पेन्शनमधून भरतो, पण कागदोपत्री तो समूहात. संघटनांच्या निवेदनांत हा मुद्दा वरती हवा.

टीपीए, दावे छाननी
सगळ्यात जास्त पैसे खोलीपायी जातात. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000 आणि घेतली 8,000ची, तर कात्री फक्त भाड्याला लागत नाही. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर यांचं बिलही 5/8 च मंजूर होतं, म्हणजे 1,60,000चे 1,00,000. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांना ही कपात लावता येत नाही. लावली असेल तर लेखी हरकत घ्या, बरेच जण घेतच नाहीत. मर्यादेतली खोली शिल्लक नसेल तर तसं रुग्णालयाकडून लेखी घ्या. त्याने पैसे मिळतीलच असं नाही, पण तक्रारीला आधार होतो.

सीजीएचएसवाले
आमच्याकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत, वर्गणी फेब्रुवारी 2017 पासून वेतनस्तराप्रमाणे महिना 250, 450, 650 आणि 1,000. निवृत्तीनंतर 10 वर्षांची वर्गणी एकदम भरली की आजीवन कार्ड मिळतं. 650वाल्याला 78,000 पडतात, आणि बाजारातल्या हप्त्यांपुढे हे स्वस्तच. दुखणं दरांचं आहे. रुग्णालय कॅशलेस नाकारून रोख घेतं, परतावा मात्र सीजीएचएस दराने, फरक खिशातून. ऑक्टोबर 2025 मध्ये दर सुधारले, तेही बऱ्याच वर्षांनी. दावा डिस्चार्जपासून 6 महिन्यांत द्यायचा. ‘लॅब चार्जेस 18,500’ अशी एकरकमी ओळ परत येते; तपासणीचं नाव, तारीख, दर असा तपशील मागून घ्या. स्टेंट असेल तर त्याचं स्टिकर आणि पुरवठादाराचं बिल डिस्चार्जच्या दिवशीच हातात हवं, नंतर कोणी शोधून देत नाही.

आस्थापना, राज्य शासन
राज्यात 1961चे वैद्यकीय देखभाल नियम आणि खासगी रुग्णालयासाठी 2005च्या शासन निर्णयातली 27 आकस्मिक व 5 गंभीर आजारांची यादी. फाईल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते तेव्हा यादीतला आजार डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट दिसावा लागतो. ‘अशक्तपणा, चक्कर’ एवढंच लिहिलं असेल आणि रुग्ण प्रत्यक्षात हृदयविकाराचा असेल, तर प्रकरण तिथेच लटकतं. दाखल होतानाची अवस्था आणि अंतिम निदान, दोन्ही लिहून घ्या.

विमा सल्लागार
स्वतःची पॉलिसी निवृत्तीच्या किमान 3 वर्षं आधी काढा. जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) जास्तीत जास्त 36 महिने असतो, तो नोकरीतच संपतो. बीपी, शुगर लपवू नका. 60 महिने अखंड झाल्यावर माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो, पण लपवलं तर तीच फसवणूक ठरवायला निमित्त मिळतं. समूहातून बाहेर पडत असाल तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज आधी द्या. समूह पॉलिसी संपून गेल्यावर गेलात तर प्रतीक्षाकाळ पहिल्यापासून मोजायची वेळ येते.