यंत्रमाग साफ करायला हवेचा पाइप मारणं बंद करावं का?

सुताचा_गुंता (इचलकरंजी):
बीम (उभ्या सुताचा रूळ) संपला की आमच्या मागाच्या खात्यात कम्प्रेसरचा पाइप फिरतो. दोन मिनिटांत माग चकाचक. उडालेली रुई जाते कुठं? शेजारच्या मागावर, चहाच्या किटलीवर आणि आमच्या नाकात. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमालावर करडी वात निघते, पणतीत घालावी अशी. शिंका, चोंदलेलं नाक हे सगळं मी 12 वर्षं ‘सर्दीचा कोठा’ म्हणून काढलं. माझं मत: हवा मारणं बंद करा, धूळ ओढून घेणारा व्हॅक्यूम आणा. तुम्हाला काय वाटतं?

चोवीस_माग:
मी छोटा मालक आहे, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो. व्हॅक्यूमने एका मागाला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि मागाच्या सांध्यात अडकलेलं तूस तरीही निघत नाही. खरं सांगू का, पाइप आधी कामगारच उचलतो. मजुरी पिकावर (विणलेल्या आडव्या धाग्यांवर), माग थांबला की त्याचेच पैसे बुडतात. मी फुकट मास्क वाटले, आठ दिवसांत ते खिळ्याला लटकत होते.

कांडीवालीची_लेक:
दादा, मास्क खिळ्याला का लटकतात ते उन्हाळ्यात एकदा आठ तास आत उभं राहून बघा. सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद, जमिनीवर पाणी मारलेलं. त्या दमटीत मास्क तासाभरात ओला फडका होतो. आमचे अण्णा तर धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढायचे, दिवसातून कितीदा कुणास ठाऊक. ते मास्क लावणार कुठं? वर ‘गूळ खा, धूळ पोटात जाते’ हा सल्ला. श्वासनलिका वेगळी, अन्ननलिका वेगळी. गुळाने घशाला बरं वाटतं, छातीतली धूळ जागची हलत नाही.

दवाखान्यातला:
धागाकर्त्याशी अर्धाच सहमत. डोळ्यांना दिसणारी रुई बहुतेक नाकातच अडते. नाक तेवढ्यासाठीच आहे, शिंका आणि चोंदणं त्यातूनच येतं. खरी भीती न दिसणाऱ्या बारीक धुळीची. कापसाच्या बोंडाभोवतीच्या पानांचा चुरा तिच्यात असतो, त्यावरच्या जिवाणूंचं विष श्वासनळ्या आवळतं. बिसिनोसिस म्हणतात तो छातीचा आजार हाच. पण त्याचा जोर सूतगिरणीत कापूस पिंजतात तिथं जास्त, विणकामात कमी. त्यामुळे खोकला दिसला की खापर पाइपवर फोडू नका. आधी टीबीची तपासणी करा आणि दिवसाला बिड्या किती ओढता ते खरं सांगा. बिसिनोसिसची खूण ठरलेली आहे: सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे आठवडाभर उतरत जाते. म्हणून इंग्रजीत त्याला सोमवारचा ताप म्हणतात.

मोसमकाठ:
आमच्या मालेगावात सुट्टी शुक्रवारी, म्हणजे आमचा ‘सोमवार’ शनिवारी येतो! माझ्या मामांची छाती शनिवारी भरायची. डॉक्टर विचारायचे, सोमवारी त्रास होतो का? मामा म्हणायचे, नाही. विषय संपला.

चोवीस_माग:
डॉक्टरच म्हणतात की विणकामात कमी. मग खर्च आमच्याच डोक्यावर का?

सुताचा_गुंता:
कमी म्हणजे नाही असं नव्हे, मालक. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमात कच्च्या कापसाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला 0.2 मिलिग्रॅम होती आणि बिसिनोसिस सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत होता. पण एका शेडचे तीन भाग करून बायको, भाऊ, मेहुणा यांच्या नावावर दाखवले की कारखाना कागदावर उरतच नाही. तिथं धूळ मोजायला कोण येणार? हजेरीवर नाव नाही म्हणून ईएसआयसुद्धा (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही.

चोवीस_माग:
शेड वाटायची पद्धत मी सुरू केली नाही. सुताचा भाव आणि वीजबिल कुणी बघितलंय का? आणि अमेरिकेची उदाहरणं देऊ नका, ती सूट-बूटवाली गिरणी.

दवाखान्यातला:
देतोच. तिथं 1978 साली कापसाच्या धुळीचा नियम आला तेव्हा गिरणीवाल्यांनी असाच आरडाओरडा केला होता. विणकामासाठीची मर्यादा सूतकताईपेक्षा सैल ठेवली, पण ठेवली. साफसफाईला दाबाची हवा वापरण्यावरही बंधन घातलं. तुमच्याकडे एवढं तरी करा: कामगाराची फुंकर मोजायचं साधं यंत्र असतं, ते सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी आणि पाळीनंतर लावा. फरक दिसला तर वाद घालायची गरज उरणार नाही.

कांडीवालीची_लेक:
मोजा जरूर, पण आधी पंधरा मिनिटांचे पैसे द्या. सफाईचा वेळ मजुरीत धरला तर पाइप कोण उचलेल?

चोवीस_माग:
एक पाळी करून बघायला माझी ना नाही. पण सफाईला पंधरा मिनिटं लागली की चाळीस, हे मोजणार कोण?

सुताचा_गुंता:
पीक मोजायला प्रत्येक मागावर मीटर लावलाय ना? त्याच्या शेजारी एक घड्याळ लावा.