मदत हवी आहे : 'भूत शोधणारा' ही ओळख बदलायची आहे

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं मी ईएमएफ मीटर (विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) आणि रेकॉर्डर घेऊन रात्री-अपरात्री लोकांच्या घरी जातोय. चॅनेलचं नाव, लोगो, सगळं भुताभोवतीच. आता मन तिथे रमत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या वाड्याच्या माजघरात मीटरचे लाल दिवे सारखे पेटत होते. आजी पदराचं टोक मुठीत धरून बसलेल्या. मेन स्विच पाडला आणि दिवे गप्प! भिंतीतलं जुनं वायरिंग. समजावून सांगितल्यावर आजींनी भिंतीला पाठ टेकली. ते समाधान मला कुठल्याच व्हिडिओनं दिलं नव्हतं.

यापुढे हेच करायचंय, भीतीमागचं खरं कारण शोधायचं: वायरिंग, भास घडवू शकणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, किंवा स्लीप पॅरालिसिस, म्हणजे झोपेतून जाग येताना अंग हलेनासं होणं आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटणं. ब्रिटनच्या सुझन ब्लॅकमोर परामानसशास्त्रात (टेलिपथीसारख्या अतींद्रिय अनुभवांच्या अभ्यासात) पीएचडी करूनही पुढे जाणिवेच्या अभ्यासाकडे वळल्या, त्यांचा मोठा आधार वाटतो.

अडलंय ते इथे. जुने व्हिडिओ काढून टाकू, की ठेवून वर खुलासा जोडू? काढले तर लपवल्यासारखं होईल. आणि 'पॅरानॉर्मल' शब्दच गाळला, तर घाबरलेली माणसं मला शोधणार कशी? ती मांत्रिकाकडे जातील. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही जातातच. मग कार्डावर स्वतःला म्हणू तरी काय?

इथे कुणी मानसोपचारतज्ज्ञ असतील तर कृपया सांगा, समोरच्याला न दुखावता 'डॉक्टरांना दाखवा' हे कधी आणि कसं म्हणावं?